कोलोरॅडोचे वाळूचे डोंगर: जुलैत जाणार असाल तर पहाटे जा, नाहीतर जाऊ नका

ग्रेट सँड ड्यून्स नॅशनल पार्कच्या फोटोंत सगळे अनवाणी असतात. कुणी ओढ्यात पाय सोडून बसलंय, पोरं वाळूचे किल्ले करतायत, मागे बर्फ. हे फोटो मेअखेरचे किंवा जूनच्या सुरुवातीचे असतात. मला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून मी लिहितोय.

आम्ही गेलो जुलैच्या पहिल्या शनिवारी. मी, बायको आणि पुण्याहून आलेला मेहुणा. डेन्व्हरहून 285 नंबरच्या हायवेने, मग 17 ने मोस्का गावापर्यंत आणि तिथून डावीकडे. साधारण चार तास. दुरून तर हे प्रकरण अगदीच किरकोळ दिसतं, कारण मागे सांग्रे दे क्रिस्तो डोंगररांगेची तेरा हजार फुटी भिंत उभी आहे. मेहुणा म्हणाला, "भावजी, ह्या ढिगाऱ्यासाठी एवढी गाडी हाणली?" तो दर रविवारी सिंहगड चढतो, त्यामुळे त्याला बोलायचा अधिकार आहे असं तेव्हा मला वाटलं.

प्रवेश गाडीमागे 25 डॉलर, सात दिवस चालतो. पार्किंग मिळेपर्यंत पावणेदहा झाले आणि इथेच आमचं चुकलं. पुढचं सगळं त्याचंच व्याज.

ज्या मेडॅनो ओढ्यासाठी लोक जातात तो जवळजवळ आटला होता. भर पाण्याच्या दिवसांत त्यात समुद्रासारख्या लाटा येतात. तळाशी वाळूचे छोटे बांध साचतात, फुटतात, पाणी उसळतं, पुन्हा बांध. आम्हाला दिसली ती ओली पट्टी आणि तिच्यावरचे डास. जूनच्या मध्यापासून महिनाभर डास फार असतात.

आता चढाई. समोर दिसणारा सगळ्यात उंच माथा म्हणजे 'हाय ड्यून', सुमारे 700 फूट. जाऊन-येऊन अडीच मैल, साधारण दोन तास. आकडा ऐकून हसू नका. मुळात पायथाच 8,200 फुटांवर आहे, आपलं कळसूबाई साडेपाच हजारांच्या आत. वर पायवाट नावाची चीज नाही. पाऊल टाकलं की टाचेखालची वाळू निसटते. दहा पावलं टाकून मागे बघावं तर चार पावलांचंच अंतर काटलेलं. माथा म्हणून जिथे पोचावं त्याच्या मागे दुसरा माथा, त्याच्या मागे तिसरा. सिंहगडवाला तिसऱ्यावर बसला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "इथे पिठलं-भाकरीवाली पण नाही."

चढायचं तर धारेवरून चढा. तिथे वाळू जरा घट्ट असते. तोंडासमोरच्या उतारावरून सरळ चढणारे आमच्यानंतर अर्ध्या तासाने आले.

वर पोचलो साडेअकराला. तिथून कळतं की हा सगळ्यात उंच नाहीच. 'स्टार ड्यून' पार पलीकडे, 741 फूट, जाऊन-येऊन आठ मैल आणि पाच-सहा तास. आम्ही त्याला लांबूनच नमस्कार केला. मेहुण्याने फोन वाळूत ठेवला तर स्पीकरच्या जाळीला काळ्या कणांची मिशी फुटली. ते मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटणारं लोहखनिज. वाळूत त्याचे काळे पट्टेच्या पट्टे असतात. मिशी अजून पूर्ण निघालेली नाही.

उतरणं मजेचं. धावत सुटा, वाळू झेलते. त्या नादात आम्ही दहा-पंधरा मिनिटांत खाली आलो आणि सापडलो सपाटीवर.

टेकड्यांचा पायथा ते ओढा, हा जो मोकळा पट्टा आहे त्याबद्दल कुणीच लिहीत नाही. सकाळी तो लक्षातही येत नाही. दुपारी साडेबाराला त्यावर सावलीचा एक ठिपका नाही. उन्हाळ्यात दुपारी इथली वाळू 150 फॅरनहाइटपर्यंत तापते, म्हणजे जवळपास 66 सेल्सिअस. मी पट्ट्यांचे सँडल घातले होते, ट्रेकिंगचे, चांगले महागातले. वाळू बाजूने आत येते, तळव्याच्या खोबणीत बसते आणि तिथेच भाजत राहते. एका पायावर उभं राहून सँडल झटकावा तर दुसरा भाजतो. मी टोपी खाली टाकून तिच्यावर उभा राहिलो, पुढे फेकली, पुन्हा उभा राहिलो. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही. प्यायचं पाणी पायांवर ओतलं. चार पावलं बरं वाटलं आणि मग पाणीही गेलं. बायकोने घोट्यावर येणारे बूट आणि जाड मोजे घातले होते. ती गाडीपर्यंत जाऊन माझे मोजे घेऊन परत आली, तेव्हा मी ओढ्यापासून दोनशे पावलांवर टोपीवर उभा होतो. ती काही बोलली नाही. तळव्याला दोन फोड आले, रुपयाएवढे.

तेव्हा बंद बूट. सँडल नाही, फ्लोटर्स नाहीत, मुलांना क्रॉक्स तर नाहीच नाही. दहाच्या आत वाळूबाहेर. दुपारी डोंगरावर ढग जमून विजाही पडतात आणि त्या वाळवंटात सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

घसरगुंडीबद्दल. घरची बर्फावरची प्लॅस्टिकची स्लेज नेऊ नका, कोरड्या वाळूवर ती ढिम्म हलत नाही. आम्ही ती माथ्यापर्यंत ओढत नेली होती. वाळूची खास फळी भाड्याने घ्यावी लागते, तीही पार्कच्या बाहेर. आम्ही एका दुकानातून दोन घेतल्या. मेण वेगळं लावलं, त्याचे पैसे वेगळे. परत द्यायला दहा मिनिटं उशीर झाला तर दुसऱ्या दिवसाचं पूर्ण भाडं. पाटीवर हे बारीक अक्षरांत आहे म्हणे, मी वाचली नाही. फळीचा चारही बाजूंनी फोटो काढा, परत द्यायची वेळ पावतीवर लिहून घ्या, मग पैसे द्या.

मेडॅनो खिंडीच्या कच्च्या रस्त्याला भाड्याची एसयूव्ही घालू नका. मऊ वाळूत चाकं रुततात. जिथून तो खरा सुरू होतो त्या जागेचं नावच 'पॉइंट ऑफ नो रिटर्न' आहे.

रविवारी पहाटे सव्वापाचला मी मोजे-बूट घालून पुन्हा गेलो, हट्टाने. पार्क चोवीस तास उघडं असतं. वाळू थंड, जरा दमट आणि पायाखाली चक्क घट्ट. पन्नास मिनिटांत माथा! ऊन आलं तसं धारांच्या सावल्या पडल्या आणि सगळं प्रकरण समजलं. नैर्ऋत्येचा वारा दरीतली वाळू ढकलत डोंगरापर्यंत आणतो, वादळात खिंडींतून उलटा वारा सुटतो आणि तीच वाळू मागे लोटतो. पळायला जागा नाही म्हणून ती वर चढत जाते. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. फोड दुखत होते, तरी मी मोठ्याने ओरडलो. साडेआठला गाडीत होतो, तेव्हा पार्किंगला रांग लागली होती आणि रांगेतले निम्मे लोक चपलांत होते.

परतताना हूपरला गरम पाण्याच्या तलावावर थांबलो. छान आहे. मी पाय बाहेरच ठेवले.