तुम्ही विचारलंत म्हणून: ढाल नको, हजेरीवही दाखवा

एनएसएसमधली (राष्ट्रीय सेवा योजनेतली) कॉलेजची मुलंमुली हमखास विचारतात: सुट्टीत वाडीवर संध्याकाळची कबड्डी सुरू केली, तर काही साधलं हे दाखवायचं कशावरून? हजेरीवहीवरून. एनएसएसचे वर्षाचे १२० तास म्हणजे तुम्ही दिलेला वेळ. वाडीला काय मिळालं, ते वहीतच दिसतं.

आधी मैदान. कोकणात सपाट जागा मिळते ती भातकापणीनंतरच्या मळ्यात. मालकाला विचारून घ्या; कुळीथ-वाल पेरायचे असतील तर तो कुणगा (भातशेतीचा तुकडा) सोडा. धसकटं मुळासकट उपटा, नुसती छाटली तर टोकं तळव्यात घुसतात. ढेकळं फोडून पाणी मारा आणि वाफसा आल्यावरच, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल उरल्यावरच, चोपण्याने चोपा. चिखल असताना चोपलेली जमीन वाळली की भेगाळते, आणि भेगेत पाय अडकला की घोटा गेलाच. कातळावर मात्र अजिबात खेळवू नका.

मुलींसाठी मैदान १२ बाय ८ मीटर. दोन्ही कर्ण १४.४२ मीटर भरले म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. आखायला चुना नको, घामाने भिजून तो डोळ्यांना आणि खरचटलेल्या जागी भाजतो. पांढरी रांगोळी चालते. नखं कापलेली हवीत, हा खेळाचाच नियम आहे.

आता वही. नाव, इयत्ता, आली की नाही, एवढं सगळेच लिहितात. खरा रकाना पुढचा: का आली नाही? आठवडाभर न दिसलेल्या मुलीच्या घरी जा, पडवीत बसून विचारा. बहुतेकदा कारण अंधाराचं असतं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पावणेसहाला खेळ थांबवा आणि लांबच्या घरच्या मुलींना जोडीने पाठवा. दुसरं कारण मुलं सांगत नाहीत. बाद झालेला बाहेर बसतो, आणि नवखा सगळ्यांत आधी बाद होतो. ज्याला खेळायची सर्वांत जास्त गरज, तोच बांधावर! सरावात हा नियम बाजूला ठेवा: बाद झालेल्याने मैदानाला दोन फेऱ्या मारून परत आत यावं. वहीतली गळती इथेच थांबते.

दमट हवेत घाम सुकत नाही, अंग तापतच राहतं. दर पंधरा मिनिटांनी पाणी द्या. मीठ घातलेलं कोकम सरबत तर उत्तमच.

अहवालात ढालींचे फोटो लावू नका. पहिल्या महिन्यात आलेल्यांपैकी एप्रिलमध्ये किती उरल्या, त्यांत याआधी कधीच न खेळलेल्या किती, हे दोन आकडे लिहा. मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं येऊन गर्दी होते, ती वेगळी मोजा.

मृगाच्या आधी मळा मालकाला साफ करून द्या आणि कोपऱ्यांच्या खुंट्या आठवणीने उपटा. एखादी पॉवर टिलरच्या पात्यात अडकली, तर पुढच्या वर्षी मळा मिळत नाही.