साडेसहाचे इन्सुलिन आणि सातचे टेबल

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या सहली कुटुंबांना आखून देणे हे माझे काम आहे आणि त्यातला सर्वांत मोठा वेळ कुठे जेवायचे हे ठरवण्यात जातो. सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या त्या आवारात चार स्वतंत्र उद्याने आहेत, अनेक हॉटेले आहेत आणि खाण्याची ठिकाणे तर शेकड्यांनी आहेत. बसून जेवण्याच्या नावाजलेल्या जागांचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना त्या दिवशी मुक्कामातल्या पहिल्या 10 दिवसांपर्यंतची सगळी आरक्षणे एकदम करता येतात. त्यामुळे दोन महिन्यांनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आपल्याला काय खावेसे वाटेल आणि त्या वेळी आपण नेमके कुठे असू, याचा निर्णय लोकांना घरी बसून घ्यावा लागतो. बहुतेक जण पहिल्या प्रश्नावर खूप विचार करतात आणि दुसरा प्रश्न त्यांच्या मनातही येत नाही.

ज्या कुटुंबाविषयी मी लिहीत आहे ते तीन पिढ्यांचे होते. आजोबांना मधुमेह होता आणि दोन्ही जेवणांआधी अर्धा तास ते इन्सुलिन घेत. आजी पूर्ण शाकाहारी होत्या. नऊ वर्षांच्या नातीला शेंगदाणे आणि काजू-बदामांची तीव्र अॅलर्जी होती. अडीच वर्षांचा नातू दुपारी दीड वाजता जिथे असेल तिथे झोपून जाई. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे, हौशी आणि अत्यंत मेहनती. त्यांनी मला पाठवलेल्या यादीत सात उपाहारगृहे होती आणि प्रत्येकापुढे ती का हवी याचे कारण लिहिलेले होते. यादी अभ्यासपूर्ण होती. मात्र सातही ठिकाणे त्यांच्या ख्यातीनुसार निवडलेली असल्यामुळे एकाच दिवसात सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या टोकाला आणि रात्री तिसऱ्याच उद्यानात जेवायचे, असे तिचे रूप झाले होते.

त्यांच्याशी झालेल्या पहिल्या सविस्तर बोलण्यात मी एका गोष्टीवर बराच वेळ थांबले, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. तिथल्या आरक्षणाचा अर्थ आपल्या नावाचे टेबल रिकामे ठेवलेले आहे असा होत नाही. आपण ठरलेल्या वेळी दारात नोंद करायची आणि त्यानंतर आपल्या संख्येला पुरेल असे जे पहिले टेबल मोकळे होईल ते आपल्याला मिळते. कधी पाच मिनिटांत मिळते, कधी अर्धा तास जातो. इन्सुलिन घेऊन बसलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा असतो. औषध शरीरात काम सुरू करते, अन्न मात्र आलेले नसते, आणि दिवसभर उन्हात चालणे झालेले असेल तर रक्तातली साखर आणखी वेगाने उतरते. म्हणून आजोबांच्या डॉक्टरांना विचारून आम्ही असे ठरवले की सहलीच्या दिवसांत टेबलावर बसल्यावरच इन्सुलिन घ्यायचे आणि लगेच पदार्थ सांगायचे. मागणी दिल्यापासून ताट येईपर्यंत जो वेळ जातो तो त्यांच्या अर्ध्या तासाच्या जवळपास जातोच.

एपकॉटचा दिवस मी स्वतः त्यांच्याबरोबर राहणार होते. 1 ऑक्टोबर 1982 रोजी सुरू झालेले हे उद्यान जेवणाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे आणि म्हणूनच नियोजनाला सर्वांत अवघडही आहे. त्याच्या मागच्या भागात, वर्ल्ड शोकेसमध्ये, एका मोठ्या तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत आणि प्रत्येक देशाचे खाणे त्याच्या दालनात मिळते. तळ्याला पूर्ण फेरी मारायची तर साधारण दोन किलोमीटर चालावे लागते. नकाशावर मेक्सिको आणि कॅनडा समोरासमोर सहज दिसतात. मुलांची गाडी ढकलत आणि आजोबांच्या चालीने जाताना ते अंतर वेगळेच असते.

दुपारसाठी मी लँड दालनातले गार्डन ग्रिल सुचवले होते. सुनेच्या यादीत ते नव्हते. त्याविषयी मला आजही मनापासून आस्था आहे, कारण एकाच जागेत इतक्या वेगवेगळ्या गरजा भागवणारी ठिकाणे फार थोडी आहेत. हे उपाहारगृह संथ गतीने गोल फिरते आणि खालून जाणाऱ्या नौकाफेरीची दृश्ये टेबलावरून दिसतात. शेतकऱ्यांच्या पोशाखातले चिप आणि डेल, म्हणजे डिस्नेच्या कार्टूनमधल्या खारी, टेबलापाशी येऊन मुलांना भेटतात, त्यामुळे पात्रांना भेटण्यासाठी वेगळी रांग लावावी लागत नाही. पदार्थ टेबलाच्या मध्यभागी मोठ्या भांड्यांतून येतात आणि संपले की पुन्हा मिळतात. आजींसाठी शाकाहारी पदार्थ वेगळे आले. नातीच्या अॅलर्जीची नोंद आरक्षणातच केलेली होती. तरीही स्वयंपाकघरातले शेफ स्वतः बाहेर आले आणि कोणत्या भांड्यातले खायचे व कोणते टाळायचे हे त्यांनी आईसमोर सांगितले. तीन वर्षांखालील मुलाचे वेगळे पैसे पडत नाहीत, म्हणून धाकट्याचे जेवण मोठ्यांच्या भांड्यांतूनच झाले. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अन्न समोर असल्यामुळे आजोबांना केव्हा आणि किती खायचे हे स्वतःच्या हिशोबाने ठरवता आले. सून जाताना म्हणाली, “मॅडम, ही जागा आमच्या यादीत यायलाच हवी होती.”

संध्याकाळचे टेबल मुलाच्या आवडीचे होते. स्पेस 220 हे एपकॉटच्या पुढच्या, प्रवेशद्वाराकडच्या भागातले, 2021 मध्ये सुरू झालेले उपाहारगृह आहे. उद्वाहनात बसून पृथ्वीपासून 220 मैल उंचीवर गेल्याचा आभास करून देतात आणि जेवताना खिडकीतून पृथ्वी दिसते. त्यासाठी मुलगा आरक्षण खुले होण्याच्या दिवशी पहाटे उठून बसला होता, आणि लेकीला ती खिडकी दाखवायची हे त्याने कित्येक महिने मनात धरले होते. आरक्षण सातचे होते. बेत असा होता की साडेपाचच्या सुमारास अमेरिकेच्या दालनातला अर्ध्या तासाचा कार्यक्रम वातानुकूलित सभागृहात बसून पाहायचा, मग मोरोक्कोच्या धक्क्यावरून नावेने तळे ओलांडायचे आणि उरलेले थोडे अंतर सावकाश चालून जायचे. अमेरिकेचे दालन प्रवेशद्वारापासून तळ्याच्या पार पलीकडच्या काठाला आहे, त्यामुळे नाव हा त्या बेताचा कणा होता.

कार्यक्रम संपवून आम्ही सभागृहाबाहेरच्या दालनात आलो तेव्हा आकाश काळे झालेले होते आणि काही मिनिटांतच विजांचा कडकडाट सुरू झाला. फ्लोरिडात उन्हाळ्यातली ही वादळे नेहमीची आहेत. ती झपाट्याने येतात, कधी वीस मिनिटांत ओसरतात आणि कधी दोन तास जागची हलत नाहीत. विजा चमकू लागल्या की तळ्यातल्या नावा थांबवतात. आम्ही इतर शेकडो लोकांबरोबर आत उभे राहिलो. नातू गाडीत जागा झाला होता, नात खिडकीपाशी विजा मोजत होती, आणि आजोबा प्रसाधनगृहात जाऊन आले.

सात वाजायला वीस मिनिटे असताना आजी माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “अगं, ह्यांनी इन्सुलिन घेतलं. साडेसहा वाजले म्हणून घेतलं म्हणतात.” आजोबा अनेक वर्षे घरी रोज संध्याकाळी साडेसहालाच इन्सुलिन घेत आले होते. दुपारी टेबलाचा नियम त्यांनी कटाक्षाने पाळला होता. पण वादळाच्या गडबडीत, घड्याळाचा काटा ओळखीच्या जागी आलेला पाहून हाताने आपले रोजचे काम करून टाकले. ज्यांनी वर्षानुवर्षे हे औषध घेतले आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

आता कुठे जेवायचे या प्रश्नाला वीस मिनिटांची मुदत होती. आम्ही प्रथम साखर तपासली. ती 96 होती, म्हणजे त्या घडीला चिंता नव्हती. ती 70 च्या खाली गेली असती तर 15 ग्रॅम साखर ताबडतोब द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे हे आम्हाला माहीत होते. फळांच्या रसाच्या दोन छोट्या बाटल्या सुनेच्या पिशवीत होत्या, कारण उद्यानात स्वतःचे खाणेपिणे नेता येते, काचेची भांडी मात्र चालत नाहीत. मुलगा म्हणाला, “बाबांना आता रस देऊ. अर्ध्या तासात पाऊस थांबेल, मग जाऊ.” त्याच्या बोलण्यात हट्ट नव्हता, लेकीला दिलेल्या शब्दाची काळजी होती. मी त्याला मोजून दाखवले. पाऊस सव्वासातला थांबला आणि नावा लगेच सुरू झाल्या असे धरले, तरी दारापर्यंत पोहोचायला पावणेआठ होणार. त्यानंतर टेबल, मागणी, आणि ताट समोर यायला आठ वाजून गेलेले असणार. रसाने साखर चटकन वर येते आणि चटकन उतरते. पोटात इन्सुलिनला पुरेसे अन्न नसताना भर वादळात दीड तास काढायला त्यांना लावणे मला मान्य नव्हते.

मग शेजारची ठिकाणे एकेक करून पाहिली. एका बाजूला इटलीचे पिझ्झाचे उपाहारगृह बसून जेवण्याचे होते. वादळातून आत शिरलेल्या गर्दीत आरक्षणाशिवाय टेबल मिळण्याची खात्री नव्हती. दुसऱ्या बाजूच्या जपानच्या दालनात काउंटरवर झटपट खाणे मिळते, पण ते उघड्या बागेतून चढून वर जायचे, आणि तिथल्या रश्शांत मासळीचा अर्क असण्याचा संभव असल्याने आजींना ते चालले नसते. फ्रान्सची बेकरी माझी स्वतःची आवडती आहे. मात्र बदामाची पिठे आणि काप जिथे सतत हाताळले जातात तिथे या मुलीला नेण्याचा विचार मी करणार नव्हते. उरले सभागृहाला लागूनच असलेले रीगल ईगल स्मोकहाउस. हे निखाऱ्याच्या धुरावर भाजलेल्या मांसासाठी प्रसिद्ध आहे आणि शाकाहारी आजींसाठी मी ते एरवी कधीही सुचवले नसते. परंतु ते काही पावलांवर होते, त्याची मागणी फोनवरून देता येत होती, अॅलर्जी असणाऱ्यांसाठीची वेगळी यादी त्याच फोनवर उघडत होती, आणि मांस नसलेला एक बर्गर त्या दिवशी तिथे मिळत होता.

मी आजींना स्पष्ट विचारले. त्या म्हणाल्या, “माझ्या ताटात नको, एवढंच. शेजारी कोण काय खातं ते मी बघत नाही.” सुनेने उभ्याउभ्या मागणी भरली, नातीचे पदार्थ अॅलर्जीच्या यादीतून घेतले, आणि आम्ही दाराशी पोहोचताच ती मागणी तयार करायला सांगितली. मुलगा आणि मी काउंटरवर जाऊन नातीच्या अॅलर्जीविषयी तिथल्या कर्मचाऱ्यांशी पुन्हा बोललो. फोनवर नोंद झाली म्हणजे पुरे झाले असे मी कधीच धरत नाही. सात वाजायला दोन मिनिटे असताना आजोबांनी पहिला घास घेतला.

स्पेस 220 चे आरक्षण तसेच गेले. दोन तास आधी रद्द केले नाही तर माणशी 10 डॉलर आकारले जातात हा नियम मी आधीच सांगून ठेवलेला होता, आणि मुलाने त्या रकमेबद्दल एक शब्दही काढला नाही. त्याला लागले होते ते खिडकीचे. जेवता जेवता मी फोनवर पुढच्या दिवसांतली मोकळी टेबले पाहत होते. आरक्षणे अगदी शेवटपर्यंत रद्द होत राहतात, म्हणून ‘मिळणार नाही’ असे ऐकलेली टेबलेही आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सुटतात. सहा जणांचे टेबल दिसले नाही. शुक्रवारी दुपारी दोघांचे दिसले, आणि ते मी बाप-लेकीसाठी घेतले. सहा किंवा अधिक जण असले की बिलात 18 टक्के बक्षिसी आपोआप धरली जाते. दोघांच्या टेबलाला तेही नव्हते, असे सुनेने लगेच निदर्शनास आणले आणि त्या संध्याकाळी मुलगा पहिल्यांदा हसला.

दोन तासांनी आजोबांची साखर 148 आली. पाऊस तोवर थांबलेला होता. हॉटेलवर परतल्यावर त्यांनी मला बसवून घेतले आणि राहिलेल्या दिवसांचा कागद पुढे ठेवायला सांगितले. “माझ्या जेवणासाठी मुलांनी त्यांचं सोडायचं, हे मला रोज नको,” असे ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. त्यानंतर आम्ही यादी उलट्या दिशेने केली: दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेसहाला कुटुंब कुठे असेल ते प्रत्येक दिवसासाठी आधी लिहिले, आणि मग तिथून पाच-सात मिनिटांत पोहोचता येईल अशीच ठिकाणे पाहिली. सातपैकी दोन नावे मुलाने स्वतः खोडली. अॅनिमल किंगडम लॉजमधले सना मात्र सगळ्यांना हवे होते. आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय मसाल्यांची जोड देणारे ते ठिकाण असून त्याच्या खिडक्यांतून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. ते उद्यानाच्या बाहेर, हॉटेलाच्या इमारतीत असल्यामुळे उद्यानातून मध्येच जाण्यायेण्यात फार वेळ गेला असता. म्हणून ते विश्रांतीच्या दिवशी दुपारी ठेवले, खोलीवरून थेट तिथेच जायचे आणि परत यायचे, असे.

प्रत्येक दिवसाच्या बेतात मी तेव्हापासून एक जादा रकाना ठेवते. ठरलेल्या टेबलापर्यंत पोहोचता आले नाही तर उभे आहोत तिथून छपराखालून जाता येईल असे, घरातल्या प्रत्येकाला चालणारे एक ठिकाण त्यात लिहायचे. पहिल्या बोलण्यात इन्सुलिन घेणाऱ्यांना मी हेही विचारते की तुम्ही ते घड्याळ पाहून घेता की ताट पाहून. या कुटुंबाच्या कागदावर तो रकाना आजोबांनी स्वतःच्या हाताने भरला होता. वादळाचा संभव असलेल्या दोन दिवशी त्यांनी त्यात दोन-दोन नावे लिहिली, आणि इन्सुलिनचा डबा साडेसहा वाजता आपल्याकडे नसावा म्हणून तो सुनेच्या पिशवीत ठेवायला दिला.