तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या कॉम्प्युटरला कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?

"चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह आहे, पोराला गेम खेळायचेत, थोडं व्हिडिओ एडिटिंगही करायचंय. बजेट कमी आहे. कोणतं कार्ड घेऊ?" नागपुरात हा प्रश्न सारखा येतो, आणि विचारणाऱ्याला कार्डाचं एक नाव हवं असतं. नाव सांगतो. पण त्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, स्टिकर वाचा. कार्ड कोणतं हे निम्मं तिथेच ठरतं.

सीताबर्डीच्या बाजारातून असेम्बल करून आणलेल्या जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा कॅबिनेटसोबत आलेलाच एसएमपीएस असतो. त्यावर ठळक अक्षरांत ४५० किंवा ५०० छापलेलं असतं. तो आकडा सोडून द्या. खाली बारीक अक्षरांत तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा. तिथे १४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही या १२ व्होल्टवरच चालतात. आय-फाइव्ह ४५७० एकटा ८४ वॉटचा. त्यात ७५ वॉटचं कार्ड घातलं की १५९ झाले, आणि पंखे, हार्ड डिस्क अजून बाकीच आहेत. अशा मशीनमध्ये डेस्कटॉप छान चालतो, व्हिडिओ छान चालतो, गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. लोक कार्ड खराब समजून दुकानात परत नेतात, आणि दुसरं कार्ड लावलं तरी तेच होतं. दोष एसएमपीएसचा असतो.

ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्क घेतले असतील तर चित्र वेगळं. त्यांचा एसएमपीएस २४० ते २९० वॉटचाच दिसतो, पण लिहिलेलं असतं तेवढं तो देतो. अडचण अशी की कार्डाला लागणारी ६ पिनची वायर त्यात बहुधा नसते, आणि काही मॉडेलांत मदरबोर्डचा कनेक्टरच कंपनीचा खास असल्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही. मग हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या वायरीतून ६ पिन काढून देणारा अडॅप्टर कुणीतरी सुचवतं. तो घेऊ नका. साटा कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता ५४ वॉट, ६ पिनमधून कार्ड ७५ वॉटपर्यंत ओढू शकतं. प्लास्टिक वितळतं, आणि वितळलं हे कळतं ते जळका वास आल्यावर.

म्हणून जुन्या मशीनची खरी मर्यादा आहे ७५ वॉट. मदरबोर्डवर कार्ड बसतं तो पीसीआय एक्स्प्रेसचा मोठा स्लॉट स्वतः जास्तीत जास्त एवढीच वीज देतो. या हद्दीत, वेगळी वायर न मागणारं, आज नवं घ्यायचं तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल. २०२४ मध्ये आलं, ७० वॉटमध्ये भागतं, व्हिडिओ एक्स्पोर्टचा भार उचलणारा एन्कोडर आहे, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अजून अपडेट होतात, आणि अर्ध्या उंचीच्या पट्टीतही मिळतं. घेताना खोक्यावर ६ जीबीच आहे ना हे स्वतः वाचा. याच नावाचं ८ जीबीचं कार्डही आहे, ते १३० वॉटचं आणि त्याला वेगळी वायर लागते. नाव एक, कार्डं दोन.

सेकंडहॅन्डमध्ये जीटीएक्स १६५० अजूनही चांगलं. त्यात मात्र काही मॉडेलांना ६ पिन लागतो, काहींना नाही, तेव्हा कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो मागवून कनेक्टर आहे का ते बघून घ्या. १०५० टीआय स्वस्त पडतं, पण त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठी ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं. आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. जुने गेम खेळायचे असतील तर चालेल, आजचे खेळायचे असतील तर पैसे घालू नका.

एएमडीचं आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉटचं आहे, पट्टीही लहान मिळते, म्हणून पातळ कॅबिनेटवाल्यांना ते आवडतं. इथे थोडं थांबून विचार करा. स्लॉट लांब असला तरी हे कार्ड फक्त ४ लेन (डेटा नेणाऱ्या वाटा) वापरतं. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसवर ४ लेन म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी. तुमच्या चौथ्या जनरेशनच्या इंटेलवर पीसीआय एक्स्प्रेस तिसऱ्या पिढीचं, म्हणून सुमारे ४ जीबी. दुसऱ्या जनरेशनच्या मशीनवर २. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १२८ जीबीने चालते. गेमने ती ४ जीबी मेमरी भरली की उरलेला माल या अरुंद वाटेने रॅममधून आणावा लागतो आणि चित्र झटके खात चालतं. शिवाय यात व्हिडिओ एन्कोडर नाहीच. एडिटिंग करणाऱ्याने हे घेतलं तर एक्स्पोर्टचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एडिटिंग करायचं असेल तर हे नकोच. इंटेलचं आर्क ए३८० कागदावर सुरेख दिसतं, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि जुन्या बोर्डांत तो नसतो. सोडून द्या.

जीटी ७१० आणि डीडीआर३ वालं जीटी ७३० कुणी गेमसाठी म्हणून देत असेल तर घेऊ नका, हे कळकळीने सांगतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत २ जीबी, ४ जीबी लिहिलेलं असतं. ७१० च्या मेमरीचा वेग आहे सेकंदाला १४.४ जीबी. चौथ्या जनरेशनच्या प्रोसेसरमधल्या फुकटच्या ग्राफिक्सला रॅमच्या दोन कांड्या लावल्या की २५.६ जीबी मिळतात. म्हणजे पैसे देऊन पाठीमागे जाणं. एकच कांडी असेल तर आधी तशीच दुसरी लावा. कार्ड कोणतंही घेतलंत तरी ती उपयोगाला येते.

नवा एसएमपीएस घ्यायची तयारी असेल आणि कॅबिनेट साधं असेल तर आरएक्स ६६०० पर्यंत जाता येतं. ते १३२ वॉटचं, ८ जीबीचं, ८ पिनची एक वायर मागतं. ओळखीच्या कंपनीचा ८० प्लसवाला (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) ५०० वॉटचा एसएमपीएस त्यासोबत हवाच, आणि तो पुढच्या मशीनलाही चालतो. माझं मत विचाराल तर एका वेळी चारच कामं हाताळणाऱ्या, चार थ्रेडच्या आय-फाइव्हवर हे कार्ड निम्मं रिकामं बसतं. आठव्या-नवव्या जनरेशनचा प्रोसेसर असेल तर नक्की घ्या. आत्ताच्या कार्डावर ओळखायची खूण सोपी आहे : गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर १०० टक्के आणि ग्राफिक्स ५०-६० वर घुटमळत असेल तर मोठ्या कार्डाने काही बदलणार नाही.

कार्ड घेण्याआधी मॉनिटरच्या मागेही बघा. निळ्या व्हीजीए केबलचं तोंड आजच्या कार्डांवर नाही, आणि २०१६ नंतरच्या एनव्हिडिया कार्डांच्या डीव्हीआयमधून जुना ॲनालॉग सिग्नलही निघत नाही. आतमध्ये चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो, नुसतं जोडतोंड चालत नाही. केबल कार्डालाच लावायची, मदरबोर्डच्या तोंडाला नाही. "कार्ड लावलं पण काहीच फरक नाही" या तक्रारीमागे कितीदा एवढंच असतं!

सेकंडहॅन्ड घेताना सप्टेंबर २०२२ लक्षात ठेवा. त्या महिन्यात इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून नाणी कमावणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, आरएक्स ५८० त्यात भरपूर. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखा आणि चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून वर्षानुवर्षं चालतात. पण विकणाऱ्याकडे जाऊन, मशीनला लावून, जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या चिपवर १०५० टीआयचं नाव चढवलेली बनावट कार्डं फिरतात, आणि हे सॉफ्टवेअर बहुतेकदा ती ओळखून नावापुढे 'फेक' असं दाखवतं. मग कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क हे सॉफ्टवेअर १५ मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके, रेघा, चौकटी दिसल्या तर बहुधा मेमरी गेली आहे. व्यवहार तिथेच थांबवा. मागची सगळी तोंडं एकेक केबल लावून तपासा.

बसवणं अवघड नाही. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज जाते, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. प्रोसेसरच्या जवळचा लांब स्लॉट वापरा. खालचाही लांब दिसतो, पण बऱ्याच बोर्डांत त्यात सोनेरी पिना पहिल्या चतुर्थांशातच असतात. टॉर्च मारून आत बघा, स्पष्ट दिसतं. कार्ड टक् आवाज येईपर्यंत दाबा, पट्टीचा स्क्रू आवळा. चालू केल्यावर पंखा फिरतोय पण स्क्रीन काळा, असं झालं तर जुनं कनेक्शन परत लावून बायॉस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि त्यात बूट मोड, म्हणजे मशीन सुरू व्हायची पद्धत, यूईएफआय करता येतो का बघा. विंडोज डिस्कच्या जुन्या एमबीआर मांडणीवर टाकलेलं असेल तर आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलावी लागेल, तेव्हा त्यापूर्वी बॅकअप घ्या.

आता आपल्या नागपूरचं. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ६८ वर राहणारं कार्ड मे अखेरच्या नवतप्यात ४० अंशांच्या खोलीत ८३ गाठतं, आणि त्याच्या आसपास एनव्हिडियाची बरीच कार्डं स्वतःचा वेग कमी करतात. गेम हिवाळ्यात नीट आणि मे महिन्यात अडखळत असेल तर कारण हेच. गेमच्या फ्रेम सेकंदाला ६० वर बांधून ठेवा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर काहीही गमावत नाही, आणि कार्ड बरंच थंड राहतं. कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. ती हवा थंड असते, पण ओली असते, आणि ओल्या हवेतली धूळ हीटसिंकच्या पट्ट्यांत चिखलासारखी चिकटून बसते. होळीच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा झाकण काढून ब्लोअर मारा. मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, कारण ब्लोअरच्या जोराने तो बेफाम फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि मग कार्ड घरघरायला लागतं.