आमची वाटचाल : सुरुवात मुरमापासून

खेळाची मैदानं आणि कोर्टं बांधायचं आमचं काम 2008 साली सांगलीत एका भाड्याच्या रोलरवर सुरू झालं. आप्पा गवंडी मुकादम, घरांच्या पायाची कामं घ्यायचे. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली लागले. शाळेत असताना खो-खो खेळायचे, त्यामुळे पटांगण सपाट करायचं काम आलं की ते मी हट्टानं मागून घ्यायची. पहिली तीन वर्षं त्यातच गेली.

2011 ला पहिलं बास्केटबॉल कोर्ट मिळालं. जागा काळ्या मातीची. अंदाजपत्रकात सोलिंग म्हणजे दगडांचा थर, चार इंची काँक्रीट आणि वर रंग एवढंच होतं. खोदाई आणि मुरूम भराव या बाबी निधीत बसत नाहीत म्हणून काढून टाकल्या होत्या. मला ते दिसत होतं. तरी निविदा भरली, कारण काम हवं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका बास्केटच्या खांबापासून मधल्या वर्तुळापर्यंत भेग गेली, बोट जाईल एवढी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते. वरचं काँक्रीट तिच्यापुढे किती टिकणार? दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, चालू होता, त्यामुळे पतसंस्थेचं कर्ज काढून निम्मं कोर्ट आम्ही पदरच्या पैशानं पुन्हा केलं. आप्पा एवढंच म्हणाले, "घराला जो न्याय लावतो तोच मैदानाला लाव." त्या दिवसापासून काळ्या मातीवर खोदाईची बाब नसलेली निविदा आम्ही भरत नाही. त्यापायी पाच-सहा कामं सोडली, आणि त्याची खंत नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फुटांची, म्हणजे पाणी कुठवर आलं असेल बघा. नदीकाठच्या एका नगरपरिषदेचं सगळं क्रीडांगण पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलच्या कोर्टांवर घोटाभर गाळ होता आणि तो काढल्यावर ॲक्रिलिकला, म्हणजे काँक्रीटवरच्या रंगाच्या थराला, जागोजाग फोड आलेले दिसले. फोड दाबला की पाणी यायचं. परिषदेची पहिली कल्पना अशी, की गाळ धुऊन नवा रंग द्यावा. आम्ही आधी दोन खड्डे घ्यायची परवानगी मागितली. दोन्हीकडे 60 सेंटीमीटरपर्यंत काळी माती, खाली कठीण मुरूम.

मग मुख्याधिकारी साहेबांसमोर कागदावर हिशोब मांडला. कोर्ट 28 बाय 15 मीटर, चारी बाजूंना 2 मीटर मोकळी जागा धरून 32 बाय 19, म्हणजे 608 चौरस मीटर. 60 सेंटीमीटर खोदाई म्हणजे सुमारे 365 घनमीटर, आपल्या भाषेत 129 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). रोलरखाली मुरूम दबतो, म्हणून आणायचा 160 ब्रासच्या आसपास. त्यावर गौण खनिजाचं स्वामित्वधन (मुरमावर सरकारला द्यायची रॉयल्टी), मजूर कल्याण उपकर, जीएसटी. "एवढा पैसा जमिनीत पुरायचा?" असं एक सदस्य म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. लोकांना दिसतो तो रंग. पण पाच वर्षांत तोच रंग दोनदा द्यावा लागतो, त्याचं गणित त्यांच्यासमोर ठेवलं तेव्हा बैठक शांत झाली.

एका आर्थिक वर्षात सगळं होणार नव्हतं, म्हणून काम टप्प्यांत तोडलं. आधी गटारं, खोदाई, भराव. मग काँक्रीट. मग ॲक्रिलिक आणि शेवटी जाळी, दिवे. जुनं कोर्ट पूर्व-पश्चिम होतं, संध्याकाळी अर्ध्या खेळाडूंच्या डोळ्यांत ऊन. ते उत्तर-दक्षिण फिरवलं. उतार शंभरास एक, 19 मीटर रुंदीला 19 सेंटीमीटर. खेळताना तो जाणवत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो.

जानेवारी 2020 ला कार्यारंभ आदेश मिळाला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा भराव नुकताच पुरा झाला होता. माणसं गावी गेली, बिल अडकलं, फार कठीण महिने होते ते. पण मुरमाला एक सबंध पावसाळा मिळाला, जिथे बसायचा तिथे तो बसला. हिवाळ्यात काँक्रीट ओतलं. खाली पॉलिथिनचा जाड थर होता, कारण खालची ओल वर आली की ॲक्रिलिकला पुन्हा फोड. जुलै 2021 ला परत पूर आला. पाणी उतरलं त्या दिवशी मी अनवाणी कोर्टभर चालले. एकही भेग नव्हती.

खो-खोच्या मैदानावरून मात्र वाद झाला. काहींना तेही पक्कं, रंगीत हवं होतं. तालमीचे सर चार मुलींना घेऊन बैठकीला आले. एकीनं सलवार वर करून गुडघा दाखवला. सिमेंटच्या अंगणात सराव करताना सूर मारला होता, कातडी गेली होती. मला पुढे बोलावं लागलं नाही. 27 बाय 16 मीटरचं मैदान मातीचंच ठेवलं: खाली मुरूम, वर चाळलेली माती, पाणी मारून फिरवलेला रोलर. कबड्डीची दोन मैदानंही तशीच.

ॲक्रिलिकच्या आदल्या दिवशीची पाण्याची चाचणी मला सगळ्यांत आवडते. सकाळी टँकरनं कोर्ट भिजवायचं, तासभर थांबायचं, मग उरलेल्या प्रत्येक डबक्यात रुपयाचं नाणं ठेवायचं. नाणं बुडलं तर खडूनं गोल करायचा आणि ती जागा भरून घ्यायची. त्या दिवशी सात गोल निघाले. खो-खोच्या मुलीच नाणी घेऊन फिरत होत्या. आठवा गोल सापडावा म्हणून किती वाकून बघत होत्या!

दिव्यांचं काम चालू असताना 18 जुलै 2022 पासून अशा कामांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. करारात करबदलाचं कलम नीट नव्हतं. फरक मिळायला आठ महिने लागले आणि तोवर पगार उसनवारीवर भागवले. आता ते कलम आम्ही निविदापूर्व बैठकीतच विचारतो. झाडलोट, जाळ्या, मातीची भर यांसाठी दरवर्षी वेगळी तरतूद ठेवायलाही परिषदेला लावलं. त्यासाठी तीन चकरा माराव्या लागल्या, पण आज तिथे माळी नेमलेला आहे.

आप्पा आता साइटवर येत नाहीत, फोनवर मुरमाचा रंग विचारतात. आम्ही अकरा जण आहोत, रोलर स्वतःचा आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका कोर्टाचं अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेला गेलंय. परवा तिथे खड्डा घेतला, मुरूम 90 सेंटीमीटरवर लागला. मान्यता मिळाली तर दिवाळीनंतर खोदाई.