'रिनेम'चं नाव एक, वागणं दोन

सी प्रोग्रॅममध्ये फाइल डिलीट करायला कुणी 'सिस्टिम' फंक्शनमधून 'आरएम' नाहीतर 'डेल' चालवलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. एक विंडोजच्या शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) कळत नाही, दुसरं लिनक्सच्या. शिवाय फाइलच्या नावात स्पेस किंवा अर्धविराम निघाला की शेल भलतंच काहीतरी पुसून मोकळा होऊ शकतो. सी भाषेच्या १९८९च्या स्टँडर्डपासून 'एसटीडीआयओ' हेडरमध्ये 'रिमूव्ह' आणि 'रिनेम' बसलेली आहेत, ती वापरा की! काम झालं तर शून्य, नाहीतर दुसरं काहीतरी परत येतं. (फाइल पुसणारं 'अनलिंक' पॉझिक्सचं, म्हणजे युनिक्स-लिनक्ससारख्या सिस्टिमच्या स्टँडर्डचं; स्टँडर्ड सीचं नव्हे.)

'रिमूव्ह'चं फार काही नाही. फाइल आधी बंद करा, मग पुसा. लिनक्सवर उघडी फाइलही पुसता येते. नाव लगेच जातं, डेटा मात्र ती बंद होईपर्यंत राहतो. विंडोजवर सहसा सरळ नकार मिळतो.

खरी गोम 'रिनेम'मध्ये आहे. नव्या नावाची फाइल आधीच असेल तर काय करायचं, हे सीच्या स्टँडर्डने ज्या त्या सिस्टिमवर सोडलंय. पॉझिक्समध्ये जुनीच्या जागी नवी एका फटक्यात बसते. मध्येच कुणी उघडली तर त्याला एकतर जुनी मिळते किंवा नवी. विंडोजवर तेच फंक्शन हात वर करतं.

माझ्या नोंदी ठेवायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये 'सेव्ह' यावरच चालतं. तात्पुरती फाइल लिहायची, फाइल बंद करणाऱ्या 'एफक्लोज'ने काय परत दिलं ते तपासायचं, मग रिनेम. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी, कारण वेगळ्या फाइलसिस्टिमवर पॉझिक्सचं रिनेम 'एक्सडेव्ह' एरर देऊन थांबतं.

विंडोजसाठी 'आधी जुनी पुसा, मग नाव बदला' असा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. त्या दोन ओळींच्या मध्ये वीज गेली तर मूळ नावाची फाइलच उरत नाही. निव्वळ स्टँडर्ड सीमध्येच राहायचं असेल तर जुनीला बॅकअपचं नाव द्या, नवीला मूळ नाव द्या आणि बॅकअप अगदी शेवटी पुसा. प्रोग्रॅम सुरू होताना मूळ फाइल नाही पण बॅकअप आहे असं दिसलं, तर तो परत जागेवर ठेवा. मी मात्र सरळ 'इफडेफ' (सिस्टिम बघून कोडचा ठरावीक भागच कंपाइल करायची सूचना) लावून विंडोजवर तिच्या स्वतःच्या 'मूव्हफाइलएक्स' फंक्शनला 'रिप्लेस एक्झिस्टिंग'चा फ्लॅग देतो. हे सगळं एकाच फंक्शनमध्ये आहे; आपण कुठल्या सिस्टिमवर चाललोय याची बाकीच्या कोडला गंधवार्ताही नसते.