हॅलो वर्ल्ड आलं म्हणजे बोर्ड चांगला असं नाही

रास्पबेरी पाय ४ घेतलाय, म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटासा कॉम्प्युटर, दोन जीबी रॅमवाला. मेमरी कार्डावर ओएस टाकली, वायफायवरून एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन) पण लागलं, आता टेस्ट कशाने करायची? बरेच जण पायथनमध्ये स्क्रीनवर हॅलो वर्ल्ड एवढीच अक्षरं छापतात आणि खूश होतात. अरे पण त्याने बोर्ड बूट होतोय एवढंच कळतं, ते तर लॉगिन झालं तेव्हाच कळलं होतं ना!

मी आधी बोर्डावरचाच हिरवा एलईडी धरतो. एरवी तो कार्डावर काही चाललं असेल तेव्हा लुकलुकतो, पण त्याच्या ट्रिगर फाइलमध्ये हार्टबीट लिहिलं की धडधड-थांबा, धडधड-थांबा असं सुरू होतं, ना वायर लागते ना ब्रेडबोर्ड.

मग बाहेरचा एलईडी, जीपीआयओ १७ वर (जीपीआयओ म्हणजे बाहेरच्या वस्तू जोडायच्या पिना), ३३० ओहमचा रेझिस्टर लावून. इथे नेटवरची जुनी सॅम्पलं डोकं खातात. १७ नंबर एक्स्पोर्ट करणारी, म्हणजे ती पिन वापरायला उघडणारी, शेल स्क्रिप्ट नव्या ओएसवर चालवली की इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, आणि माणूस समजतो बोर्डच खराब निघाला. बोर्डाला काही झालेलं नसतं, कर्नल (ओएसचा गाभा) ६.६ पासून त्या जुन्या पद्धतीत पिनांचे नंबर ५१२ पासून सुरू होतात, म्हणजे १७ ची झाली ५२९. त्यापेक्षा पायथनच्या जीपीआयओ झीरो लायब्ररीचं ब्लिंक घ्या, चार-पाच ओळी आहेत आणि मुकाट चालतं.

सेन्सरसाठी मला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आवडतो, पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सहज मिळतो. डेटा जीपीआयओ ४ ला, डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मधे ४.७ के रेझिस्टर, कॉन्फिग फाइलमध्ये वन-वायरची (एकाच डेटा वायरवर बोलायची पद्धत) ओळ, रीबूट. मग त्याच्या फाइलमध्ये दोन ओळी दिसतात, पहिलीच्या शेवटी येस म्हणजे चेकसम बरोबर (डेटा वाटेत बिघडलेला नाही), दुसरीच्या शेवटी २८४३७ असलं काहीतरी, त्याला हजाराने भागलं की २८.४ अंश. पण नेमकं ८५००० आलं तर खोलीत भट्टी नाही पेटलेली, ती सेन्सरची पॉवर-ऑन व्हॅल्यू आहे, पहिल्या ओळीत येस असलं तरी. मोजमाप झालेलंच नाही, वायरी आणि पॉवर बघा.

आणि खरी परीक्षा लोडची. प्रोसेसरच्या चारही कोअरवर स्ट्रेस (मुद्दाम भरपूर काम देणारा प्रोग्रॅम) लावायचा आणि दुसऱ्या टर्मिनलवर तापमान आणि थ्रॉटलिंगची (बोर्डाने स्वतःच स्पीड उतरवल्याची) व्हॅल्यू बघत बसायचं. घरातल्या एका मोबाइल चार्जरवर मुद्दाम चालवून बघितलं तर ५०००५ आलं (हेक्समध्ये), शेवटचा ५ म्हणजे आत्ता व्होल्टेज कमी आहे आणि त्यामुळे स्पीडही उतरवलाय, पहिला ५ म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी तसं झालंय. पायला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तक्रार सुरू. आणि ८० अंशांच्या पुढे गरमीमुळेही स्पीड उतरतो, तेव्हा निदान हीटसिंक तरी लावाच.

चार्जर बदलून पाय नव्याने बूट झाला की परत बघा, पहिला ५ बूट झाल्याशिवाय जात नाही.