हेलिकॉप्टरसाठी केलेला अर्ज

नाशिकरोडच्या आमच्या भागात हेलिकॉप्टर आलं म्हणून कुणी मान वर करत नाही. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा आहे. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना चीता नाहीतर चेतक डोक्यावरून जातंच. मार्चमधल्या त्या सोमवारी मात्र मी ओला टॉवेल हातात धरून बराच वेळ वर बघत उभी होते. आदल्या रात्री अंजनेरीच्या बाजूच्या एका डोंगराचा वणवा विझवून आम्ही पहाटे तीनला घरी पोचलो होतो. शेजारच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे दोन्ही तळपाय भाजले होते. त्याचा एक बूट माझ्या स्कूटरच्या डिकीत होता, तळ वितळून खालच्या वर्तमानपत्राला चिकटलेला.

एवढी हेलिकॉप्टरं रोज इथून उडतात, मग काल एकही का आलं नाही? त्या रागातच मी अर्ज लिहायला बसले.

वणव्याचं थोडक्यात सांगते. फोन आला तेव्हा दिवस मावळला होता. वणवा विझवायला गेलेले आम्ही अकरा जण, दोन ब्लोअर म्हणजे जोराचा वारा मारणारी यंत्रं, बाकीच्यांच्या हातात निरगुडीच्या डहाळ्या. वनरक्षक आले आणि त्यांच्याबरोबर पाड्यावरचे एक मामा. वन खात्याकडे दर उन्हाळ्यात अंगारी म्हणून काम करतात, म्हणजे आगीवर लक्ष ठेवायचं आणि लागली की झोडपायची. त्यांनी आल्याआल्या एकच गोष्ट तीनदा बजावली होती, आगीच्या वर कुणी थांबायचं नाही. सुकं गवत पेटलं की आग चढावर धावते. दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो. शेजारचा तो मुलगा वरच्या बाजूने डहाळी मारत होता. खालची घळ एकदम पेटली आणि ज्वाळा नळीतून याव्या तशा वर आल्या. तो उडी मारून जळलेल्या भागात गेला म्हणून वाचला, पण तिथली राख अजून धगधगत होती.

अर्जात मी लिहिलं, की उन्हाळ्यात त्र्यंबक परिसरातल्या डोंगरांसाठी एक हेलिकॉप्टर, खाली दोराने लटकवायच्या पाण्याच्या मोठ्या बादलीसह, तयार ठेवावं. सोबत कात्रणं जोडली. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनितालच्या जंगलावर हवाई दलाच्या एमआय-१७ ने भीमतालचं पाणी नेऊन ओतलं होतं. २०२२ च्या मार्चमध्ये सरिस्काला आणि २०२१ च्या जानेवारीत नागालँड-मणिपूरच्या सीमेवर झुकू खोऱ्यातही हेलिकॉप्टरं गेली होती. तिकडे जमतं तर इथे का नाही, असं माझं म्हणणं होतं.

पुढचे तीन आठवडे टेबलं फिरण्यात गेले. पहिल्या कार्यालयात आवक शिक्का मिळाला आणि 'हा विषय आमचा नाही' हेही ऐकायला मिळालं. दुसऱ्या ठिकाणी अर्ज सापडेना, मी पोच दाखवल्यावर सापडला. एक मात्र नीट समजलं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात, पण हवाई मदत लागली तर मागणी राज्य सरकारमार्फत वर जाते. गांधीनगरच्या फाटकाशी जाऊन 'चला' म्हणायची सोय नाही. तिसऱ्या टेबलावरचे गृहस्थ भले निघाले. अख्खा अर्ज वाचून म्हणाले, "मॅडम, हेलिकॉप्टर कोणतं, पाणी कुठून उचलणार, उतरणार कुठे, यातलं काहीच नाही यात. ते लिहून आणा, मग मी पुढे पाठवतो."

ते लिहायचं म्हणून मी आमच्या सोसायटीतल्या कर्नलसाहेबांकडे गेले. निवृत्त आहेत. चीता घेऊन सियाचीनच्या बाजूला बरीच वर्षं उडलेले. आगीवर पाणी टाकलेलं नाही, पण हेलिकॉप्टरखाली दोराने सामान लटकवून पुष्कळ नेलं आहे. त्यांनी अर्ज वाचला, पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडे मांडायला लागले.

"अंजनेरीचा माथा किती? सुमारे बेचाळीसशे फूट. एवढ्या उंचीवर हवेचं प्रमाण तापमान, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेलं तापमान, सात अंशांच्या आत धरतात. मार्चच्या दुपारी वर ३३ अंश असणार. म्हणजे सव्वीस अंश जास्त. प्रत्येक जादा अंशाला उंचीत १२० फूट मिळवा." बेरीज सात हजारांच्या वर गेली. "तुम्ही उभ्या असाल बेचाळीसशे फुटांवर, पण हेलिकॉप्टरला हवा लागते सात हजार तीनशे फुटांवरची. तापलेली हवा विरळ असते. पात्यांना धरायला काही राहत नाही, इंजिनाचाही दम कमी पडतो. आणि हे आग सोडून. आगीच्या वर तर ती आणखी विरळ."

मग बादली. एमआय-१७ च्या बादलीत साडेतीन हजार लिटर पाणी मावतं. आपल्याकडे गावांना उन्हाळ्यात येतो त्या दहा हजारांच्या टँकरचा जेमतेम तिसरा हिस्सा, पण वजन साडेतीन टन, तेही दोराच्या टोकाला झुलणारं. विरळ हवेत बादली पूर्ण भरता येत नाही, तिचा पट्टा आवळून कमी पाणी घ्यावं लागतं. मी म्हटलं, पाणी तर बेझ्याला गौतमी-गोदावरी धरणातच आहे. ते म्हणाले, "पाणी उचलणं हे अर्धं संकट आहे." वारा पडलेला असला की पाणी आरशासारखं होतं आणि आपण त्याच्या किती वर आहोत हे डोळ्यांना कळत नाही. बादली बुडून भरेपर्यंत एका जागी तरंगत राहायचं, आणि तेव्हाच सगळ्यात जास्त ताकद लागते. इतक्या कमी उंचीवर, वेग नसताना इंजिन बंद पडलं तर पाती आपोआप फिरवत अलगद उतरायला लागणारी उंचीच हाताशी नसते. भरलेली बादली निदान सरळ लोंबते. रिकामी घेऊन जोरात परतलं तर ती मागे उडते आणि शेपटीच्या पात्यात जाऊ शकते.

मला सगळ्यात जास्त धडकी भरली ती पुढच्या गोष्टीने. वजन घेऊन जवळजवळ उभ्याने खाली उतरायला गेलं, तर हेलिकॉप्टर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बसायला लागतं. वैमानिक घाबरून ताकद वाढवतो आणि ते आणखी वेगाने खाली जातं. "गोदावरीच्या पुरात भोवऱ्यात सापडलेला पोहणारा पाहिलाय?" त्यांनी विचारलं. "वर यायला धडपडतो तेवढा आत जातो. कडेने निसटायचं असतं." हेलिकॉप्टरनेही पुढे नाहीतर बाजूला निसटायचं. पण घळीत, दोन्हीकडे कडा आणि समोर धूर असताना बाजू कुठली?

डोंगराचा वाराही सरळ नसतो. एका अंगाने चढतो, धार ओलांडली की पलीकडे कोसळतो. आग त्याला आणखी उलटसुलट करते. पाणी टाकायला फार खाली आलं तर पात्यांचा वारा ज्वाळांना फुंकर घालतो, ठिणग्या उडवतो. फार वरून टाकलं तर पाणी वाऱ्यावर जातं. आणि खाली माणसं असतील तर त्यांच्या अंगावर टनांनी पाणी पडतं, म्हणून त्यांना आधी हलवायला हवं. माझ्या अर्जात माणसांचं नावच नव्हतं. पण पाणी पडल्यावर उरलेली धग विझवायला खाली कुणी नसेल तर तासाभरात तिथलं गवत पुन्हा पेटतं.

त्यांनी दोन अपघात सांगितले. ५ ऑगस्ट २००८ ला कॅलिफोर्नियात सुमारे सहा हजार फुटांवरच्या डोंगरी तळावरून आग विझवणाऱ्यांना घेऊन एक हेलिकॉप्टर उडालं आणि लगेच झाडांत कोसळलं. तेरातले नऊ गेले. चौकशीत निघालं, की ते खरं होतं त्यापेक्षा कागदावर हलकं दाखवलं होतं आणि ताकदीचे तक्तेही वाढवलेले होते. वैमानिकांनी हिशेब केला होता, पण ज्या कागदावरून केला तो कागदच खोटा होता. दुसरा ६ ऑगस्ट २०२३ चा, तोही कॅलिफोर्नियातला. एकाच आगीवर काम करणारी दोन हेलिकॉप्टरं हवेत एकमेकांवर आदळली, त्यातल्या एकातले तिघेही गेले. हे सांगताना ते पेन्सिल खाली ठेवून बोलत होते.

"आता तुमचा वणवा बघा," ते म्हणाले. "तुम्हाला कळलं संध्याकाळी. रात्री डोंगरात, धुरात बादली घेऊन कुणाला पाठवायचं? सकाळपर्यंत गवत जळून गेलेलं असतं. नैनितालचं जंगल दिवसेंदिवस जळतं, तिथे हेलिकॉप्टरचा उपयोग होतो. तुमचं गवत एका रात्रीत संपतं. आणि इथली चीता-चेतक शिकाऊ पोरांची, हलकी. ती ही बादली उचलणार नाहीत."

मी घरी आले. वैमानिकाच्या जिवाचा विचार मी एकदाही केला नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. भाजलेल्या पोराची काळजी होती म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी पोर त्या घळीत पाठवा, असं मी शिक्क्यानिशी मागत होते.

दुसरा अर्ज वेगळा लिहिला. पावसाळ्यानंतर जानेवारी संपायच्या आत त्या डोंगरावर जाळरेषा काढाव्यात, म्हणजे पट्ट्यातलं गवत कापून, वन खात्याच्या देखरेखीखाली जाळून मोकळं करावं. अंगाऱ्यांना कातडी बूट द्यावेत. आणि हेलिकॉप्टरबद्दल एकच मागणी ठेवली, की जखमीला उचलायची वेळ आली तर उतरायला पायथ्याशी एक जागा आधीच पाहून नोंदवून ठेवावी. त्या भल्या गृहस्थांनी तो त्याच दिवशी पुढे पाठवला.

बूट अजून आलेले नाहीत, मी विचारत असते. जाळरेषा जानेवारीत निघाली. वनरक्षक, मामा, पाड्यावरच्या बायका आणि आम्ही मिळून, सहा मीटर रुंद. फेब्रुवारीत पलीकडून आग आली तेव्हा ती रेषेपाशी थांबली. एका ठिकाणी ठिणगी उडून आत आली, ती चौघांनी झोडपून विझवली. शेजारचा तो मुलगाही होता, मामांच्या बाजूला, आगीच्या खालच्या बाजूला.

जागा पाहायला कर्नलसाहेब स्वतः आले. सड्यावरचं एक मोकळं मैदान आम्ही निवडून ठेवलं होतं. सपाट, दगड वेचून काढलेलं, झाड एकही नाही. ते मैदानात आलेच नाहीत, बांधावर उभे राहून चारी दिशांना बघत राहिले. मग म्हणाले, "तो खांब कशाचा?" आम्हाला दिसला नव्हता. दूर करवंदीच्या जाळीत एक खांब होता, दुसरा टेकाडाच्या पलीकडे. मधून विहिरीच्या पंपाची तार गेली होती, बरोबर मैदानावरून. भर उन्हात ती दिसतच नव्हती. "वरून तार कधीच दिसत नाही," ते म्हणाले, "खांब शोधायचे असतात." वनरक्षकांनी वहीत त्या जागेवर फुली मारली आणि आम्ही दुसरी जागा शोधायला पाड्याच्या बाजूला उतरलो.